लेकरं दाखवायला नागपूरला न्यायची नाहीत

ज्याला वाचता येतं त्यानं हे पत्रक ढाण्यावर बसून बाकीच्यांना वाचून दाखवावं.

डिसेंबरात नागपूरला विधानसभेचं अधिवेशन आहे. संघटनेचा मोर्चा जाणार हे ठरलं, त्यात आमचा वाद नाही. वाद आहे तो मागच्या बैठकीत आलेल्या एका सूचनेवर. काही साथींचं म्हणणं असं, की यंदा मोर्च्याच्या सगळ्यात पुढं हातापायाच्या काड्या झालेली लेकरं घेऊन त्यांच्या आया चालाव्या. फोटोवाले धावत येतील, दूरदर्शनवाले येतील, आणि बातमी आली की सरकार हालेल. "पट्टे द्या पट्टे द्या म्हणून इतकी वर्षं ओरडून रायलो, कोणी ऐकलं? आता लेकरं दाखवा, मंग पाहा," असं एक साथी म्हणाले. टाळ्याही पडल्या.

आमच्या कौंडण्यपूर गटाला ही सूचना मान्य नाही. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. त्याच्या आधी प्रत्येक गावानं दुसरी बाजूही ऐकावी म्हणून हे लिहितो.

काही गावं विचारतील, कौंडण्यपूर तं वर्धा नदीच्या काठचं, तिथं जंगल कुठं हाय, तिथल्या गटाला काय कळते? बरोबर आहे. इथं कपाशी आहे, संत्रा आहे, रुक्मिणीचं माहेर आहे. पण मेळघाटातून कापूस वेचायला, चना-गहू सोंगायला जी कुटुंबं खाली उतरतात ती याच पट्ट्यात येतात. वावराच्या धुऱ्यावर पाल टाकून राहतात. आमच्यातले काही जण अशाच पालांत वाढले, मग आश्रमशाळेत शिकले. लेकरू मरते ते तिकडं ढाण्यावरही मरते आणि इकडं धुऱ्यावरही मरते. धुऱ्यावर मेलेल्याची नोंद तर ना तिकडच्या रजिस्टरात होते, ना इकडच्या.

त्या साथींचं जे खरं आहे ते आम्ही खरंच म्हणतो. आपल्याबद्दल कोणी लिहीत नाही. यंदाचेच पेपर काढून पाहा. २१ सप्टेंबरला गणपतीची मूर्ती दूध पिते अशी आवई उठली. एका दिवसात ती दिल्लीपासून आपल्या तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली. सोंडेला चमचा लावलेले फोटो पहिल्या पानावर आले. दूध का ओढलं जातं हे शास्त्रज्ञांनी समजावून सांगितलं, तेही छापून आलं. मग ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, खग्रास सूर्यग्रहण झालं. ते राजस्थानापासून बंगालपर्यंत पुरतं दिसणार होतं, आपल्याकडं अर्धवट. तरी त्याचे नकाशे, चष्मे, गर्भारबाईनं बाहेर निघावं का निघू नये, सगळं आलं. ग्रहण आम्हीही पाह्यलं. त्याची बातमी यावीच. पण सप्टेंबर-ऑक्टोबर हे पावसाळ्याचं शेपूट आहे. घरातलं धान्य संपलेलं, नवीन कुटकी अजून हाती लागायची, हगवण आणि न्यूमोनिया घरोघर. याच दिवसांत चमच्याभर दुधासाठी लेकरं झुरतात. त्या दोन महिन्यांत मेळघाटाला किती जागा मिळाली ते ज्यानं त्यानं रद्दी काढून मोजावं.

ऑक्टोबरातच आमच्यापैकी दोघं एका दैनिकाच्या कचेरीत गेले होते. चार गावांतल्या मेलेल्या लेकरांची यादी हातानं लिहून नेली होती. तिथं बसलेल्या साहेबांनी चहा पाजला, यादी वाचली आणि म्हणाले, "मेळघाटाचं दोन वर्षांआधी लई झालं बाप्पा. आता यात नवीन काय आहे?" आम्ही गप्प. मग त्यांनीच विचारलं, "एकदम किती गेले? एकाच गावात, एकाच आठवड्यात?" आम्ही म्हटलं, एकदम नाही साहेब, जूनमध्ये एक, ऑगस्टमध्ये दोन, असे. त्यांनी यादी घडी करून टेबलाच्या कप्प्यात ठेवली.

त्या माणसाचा आम्हाला राग आला नाही. त्यानं उलट आम्हाला एक गोष्ट उघड करून सांगितली. पेपरात मरण मोजायचं माप वेगळं असते. मरण एकदम पाहिजे आणि एका जागी पाहिजे. आपल्याच या वर्धा नदीनं ३० जुलै १९९१ ला वर मोवाडला गाव धुऊन नेलं. २०४ माणसं गेली. सगळ्या पेपरांत आलं, मदत आली, पुनर्वसन झालं. दोन वर्षांनी ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादमध्ये आठ-दहा हजार माणसं गेली. साऱ्या जगातून तंबू आले, ब्लँकेटं आली. आलीच पाहिजे होती, मोवाड आणि किल्लारीच्या माणसांच्या दुःखावर आमची नजर नाही. पण पाहा, १९९३ च्या त्याच पावसाळ्यात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या मुंबई-दिल्लीपर्यंत गेल्या होत्या. सप्टेंबर सरता सरता पानं किल्लारीनं भरली. आपल्या ढाण्यांवर मरण थांबलं नव्हतं, फक्त त्याची पाळी संपली होती.

भूकंपाला तारीख असते. पुराला पाण्याची खूण असते, भिंतीवर दाखवता येते. आपल्या मरणाला तारीख नाही. ते आज एका ढाण्यावर, पंधरा दिवसांनी दुसऱ्या, मधात नदी, नदीला पूल नाही. आणि दरसाल येते. दरसाल येणाऱ्या गोष्टीला पेपरवाला बातमी म्हणत नाही, हंगाम म्हणतो.

हे फक्त आपल्या वऱ्हाडातलं नाही. शिबिरात आपण अमर्त्य सेन यांच्याबद्दल ऐकलं होतं. बंगाली अर्थशास्त्रज्ञ आहेत, दुष्काळावर त्यांचा अभ्यास आहे. ते म्हणतात, जिथं पेपर मोकळे आहेत आणि निवडणुका होतात तिथं मोठा दुष्काळ पडून लाखो माणसं मरत नाहीत, कारण सरकारला लाज वाटते आणि भीती वाटते. पण त्याच देशात रोजची अर्धपोटी भूक मात्र वर्षानुवर्षं चालू राहते, कारण तिच्यावर पेपर बोलत नाहीत. त्यांनी हे आपल्याच देशाकडं पाहून म्हटलं आहे.

मागच्या बैठकीत १९४३ च्या बंगालचा दाखला दिला गेला. इंग्रज सरकार तिथला दुष्काळ मानायलाच तयार नव्हतं. तेव्हा कलकत्त्याच्या स्टेट्समन पेपरचा संपादक, स्टीफन्स नावाचा इंग्रजच, त्यानं ऑगस्ट महिन्यात रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांचे फोटो छापले, आणि त्यानंतर सरकारला झाकता आलं नाही. साथी म्हणतात, पाहा, फोटोनंच काम झालं. झालं, आम्ही नाही म्हणत नाही. पण दोन गोष्टी त्यात पाहा. खेड्यातली माणसं मरत मरत चालत कलकत्त्यापर्यंत आली, पेपरच्या कचेरीसमोर पडली, तेव्हा फोटो निघाले. खेड्यात मरत होती तेव्हा निघाले नाहीत. आणि त्यांना पाहिजे होतं अन्न. फोटोत भूक दिसली, सरकारनं अन्न पाठवायला घेतलं. मागणी आणि फोटो एकच होतं. आपली मागणी अन्नाची आहे का? आपली मागणी जमिनीची आहे. लेकराच्या बरगड्यांच्या फोटोत जमीन दिसत नाही. यावर पुढं लिहितो, कारण आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

त्याआधी रस्त्याचं. १९९२ साली ठाणे जिल्ह्यात जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला आदिवासींची लेकरं मेली आणि मोठा गाजावाजा झाला. जव्हार मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. अमरावतीहून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर, घाटाची वाट. तिथून पुढं हतरूकडच्या ढाण्यांवर जायचं तर पावसाळ्यात जीपही हात टेकते. वार्ताहराला बातमीमागं जे पैसे मिळतात त्यात परतवाड्याचं तिकीटही पुरं निघत नाही. मग तो जातो कधी? मंत्र्याचा दौरा असला की माहिती खात्याची गाडी जाते, तिच्यात बसून. ज्या गावाला गाडी थांबली ते गाव पेपरात. गाडी रस्त्यावरच्या गावाला थांबते. सेमाडोह, हरिसाल ही नावं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत याचं कारण तिथली माणसं जास्त दुःखी आहेत असं नाही. ती डांबरी रस्त्यावर आहेत.

आणि भीतीचं. मागच्या साली प्लेगची बातमी आठवते? बीड जिल्ह्यातल्या मामला गावापासून सुरू झालं, मग सुरत. पन्नासेक माणसं मेली. लाखो लोक सुरत सोडून पळाले, परदेशी विमानं बंद झाली, साऱ्या जगाचे पेपर हिंदुस्थानावर बोलत होते. प्लेग भयानकच आहे. पण क्षयानं आणि हगवणीनं या देशात रोज त्याहून कितीतरी जास्त माणसं मरतात. फरक एवढाच, की प्लेग आगगाडीत बसून मुंबईला येऊ शकतो. आपल्या लेकराची हगवण मुंबईला जात नाही. ज्या रोगाची भीती पेपर वाचणाऱ्याला नाही, त्या रोगाची बातमी त्याला कशाला पाहिजे?

जगाचं पाहायचं तर आफ्रिकेतल्या रवांडाचं पाहा. मागच्या साली एप्रिलपासून शंभर दिवसांत तिथं सुमारे आठ लाख माणसं कापून काढली. त्याच एप्रिलच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत मंडेलांची निवडणूक होती, जगभरचे वार्ताहर तिकडं होते. रवांडात मोजकेच. मग जुलैत लाखो माणसं सीमा ओलांडून गोमा गावाला आली, तिथं पटकी पसरली, आणि तेव्हा सगळे कॅमेरे आले. विमानतळ जवळ होता, छावणी एका जागी होती. त्या छावणीत कत्तल करून पळालेलेही पुष्कळ होते. ज्यांची कत्तल झाली त्यांच्यापर्यंत कॅमेरा वेळेवर पोचला नाही, आणि मारणाऱ्यांच्या तंबूत दुधाची पावडर पोचली. बातमी उशिरा आली तर काय होते, आणि अर्धी आली तर काय होते, ते यावरून समजते.

आता अर्ध्या बातमीचंच बोलू, आपल्या घरचं.

१९९३ साली मेळघाटावर लिहून आलं नाही असं नाही. आलं, रग्गड आलं. मंत्र्यांचे दौरे झाले, पथकं आली. पत्रकार शीला बारसे यांनी तर हायकोर्टात अर्ज केला. पेपरात लिहून थांबायचं नाही, सरकारला कोर्टात उभं करायचं, असं करणारा पत्रकार विरळा, त्यांची आपण आठवण ठेवतो. पण बाकीचं जे छापून आलं त्यातला मुख्य शब्द कोणता होता? कुपोषण. त्याच्या पाठोपाठ अंधश्रद्धा, भुमका, लेकराच्या पोटावर दिलेले डागे, लहान वयात लग्न, आईचं अज्ञान. वाचणाऱ्याला वाटावं, कोरकू बाईला लेकरू सांभाळता येत नाही म्हणून ते मरते.

डागे देणं वाईटच, ते बंद झालं पाहिजे, आपणही गावागावात सांगतो. पण आमचा प्रश्न असा, की ज्या ढाण्यावर कोदो, कुटकी, सावा पिकत होता, मोह वेचला जात होता, नदीत मासळी होती, ओढ्याकाठी भाजी होती, तिथलं ताट रिकामं कोणी केलं? १९७४ साली व्याघ्र प्रकल्प आला. १९८५ साली अभयारण्य. गुरं चारायला बंदी, मासळीला बंदी, मोह-डिंकाला अडवणूक, कुऱ्हाड हातात दिसली की केस. आजे-पणजे जे वावर वाहत होते त्याला अतिक्रमण हे नाव. सरकारनं १९७८ च्या डिसेंबरात ठराव काढला, की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करू. ते कागद फिरता फिरता १९८० साली दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला आणि गाडी तिथंच अडली. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला बँक कर्ज देत नाही, विहीर मंजूर होत नाही, बियाणं मिळत नाही. तो खाली कापूस वेचायला येतो. लेकरू धुऱ्यावर, आई ओळीत. दिवसभरात पाजायला तिला किती वेळा उठू देतात ते ज्यानं पाह्यलं आहे त्यानं सांगावं. मग लेकरू सुकते, पावसाळ्यात त्याला हगवण लागते, ते मरते. डॉक्टर रजिस्टरात लिहितात हगवण. पत्रकार लिहितो कुपोषण. जमीन हा शब्द कोणीच लिहीत नाही.

साथींनो, पेपर कोणती आपत्ती घ्यायची ते निवडतात, हे तुम्ही बरोबर ओळखलं. पण ते आपत्तीतला तुकडाही निवडतात, हे तुमच्या सूचनेत कुठं आहे? शेवटचा तुकडा घेतात, लेकराच्या बरगड्या. मधला तुकडा, म्हणजे वनखात्याचं कुंपण, साहूकाराची वही, न मिळालेला पट्टा, तो फोटोत बसत नाही म्हणून बाहेर राहतो. आणि सरकार उपाय करते ते बातमीत जेवढं आलं तेवढ्यावरच. पुरावा डोळ्यासमोर आहे. यंदा सरकारनं नवसंजीवन योजना काढली. पावसाळ्याआधी धान्य पोचवणं, दवाखाना, पाणी, रोजगार हमी, खावटी कर्ज, हे तिच्यात आहे. चांगलं आहे, ते आपल्या हक्काचं आहे, आणि ते ढाण्यापर्यंत पोचतं का नाही यावर आपण डोळा ठेवू. पण पट्टा त्या योजनेत शोधून दाखवा. नाही. बातमीत कुपोषण आलं, तर योजनेत सुकडी आली. बातमीत जमीन आली असती तर निदान विधानसभेत कोणाला उत्तर द्यावं लागलं असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, लेकरं पुढं घालून मोर्चा नेला तर बातमी येईल, नक्की येईल, आणि तीच जुनी येईल. आणखी एक पथक, आणखी सुकडी, आणखी एक मंत्री लेकरू कडेवर घेऊन. वनखात्याचा एक दगडही हलणार नाही. आपण आपल्या हातानं आपली मागणी बदलून देऊ.

आणि नागपूरचा मोर्चा म्हटल्यावर एक तारीख विसरून चालणार नाही. मागच्या साली, १९९४ ला, १९ नोव्हेंबरला आपल्या देशाची पोरगी विश्वसुंदरी झाली. पेपर तिच्या फोटोंनी भरले. चारच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, नागपुरात विधानभवनाजवळ गोवारी समाजाचा मोर्चा अडवून ठेवला होता. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पळापळ झाली, ११४ माणसं चेंगरून मेली. त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. गोवारी आदिवासी आहेत का नाहीत, यावर आपल्या समाजातही दोन मतं आहेत. ते भांडण इथं आणायचं नाही. मेलेल्या लेकराची जात पाहायची नसते. विचार याचा करायचा, की सवलतीची मागणी ते किती वर्षं करत होते, तेव्हा किती ओळी आल्या? ११४ मेल्यावर पहिलं पान मिळालं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. यंदा सरकारनं गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं. ज्या अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ते गेले होते तो काही मिळाला नाही. पहिलं पान मिळूनही हे. त्याच रस्त्यावर, त्याच पोलिसांसमोर, आधीच अशक्त असलेली लेकरं आपण सगळ्यात पुढं ठेवायची? लाठी आली तर ती आई लेकरू घेऊन कुठं पळेल? सूचना मांडणाऱ्या साथींनी याचं उत्तर बैठकीत द्यावं. आम्ही विचारणार आहोत.

कोणी म्हणेल, लेकरांच्या आयांनाच विचारा, त्या तयार आहेत. आम्ही विचारलं. इथल्या पालांतल्या चार-पाच बायांशी बोललो. एक म्हणाली, "मागं एक साहेब आलता. पोराचा सदरा काढ म्हने. काढला. मले वाटलं डॉक्टर हाय. सुई देईल. त्यानं फोटू काढला अन् गेला." तो कोण, कुठला, तिला ठाऊक नाही. फोटो कुठं छापून आला का, ठाऊक नाही. पोरगं राह्यलं नाही.

मग करायचं काय? पेपर सोडून द्यायचे? नाही. पेपराशिवाय आपला आवाज ढाण्याबाहेर जात नाही हे आम्हालाही समजते. आमचं म्हणणं असं, की बातमी कशाची व्हायची ते आपण ठरवू.

प्रत्येक गावानं एक वही करावी. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची, पावसात भिजणार नाही अशी पन्नीत बांधलेली. गावात जे लेकरू किंवा बाई मरेल त्याची नोंद त्याच आठवड्यात व्हावी. नाव, वय, तारीख हे तर आलंच. पण त्याच्या खाली हेही लिहायचं: त्या घराची जमीन किती, पट्टा आहे का, दावा कधी केला, वनखात्याची केस आहे का, मागच्या वर्षी किती महिने कामाला खाली गेले होते, आजारी पडलं तेव्हा दवाखाना किती कोस होता, तिथं डॉक्टर होता का, रेशन कोणत्या महिन्यात आलं होतं. लेकरू धुऱ्यावर मेलं असलं तर कोणाच्या वावरात, कोणत्या गावी, आणि त्या मालकानं मजुरी दिली का. ज्याला लिहिता येत नाही त्यानं शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावं. अंगणवाडीच्या ताईचं रजिस्टर आणि आपली वही शेजारी ठेवून पाहावी. जिथं जुळत नाही तिथं दोन्ही आकडे लिहून ठेवावे, भांडू नये. ती ताईही आपलीच आहे, तिच्यावर वरून दाब असतो.

एका गावाची वही पेपरवाल्याला काहीच नाही. साहेब कप्प्यात ठेवेल. पण पन्नास गावांच्या वह्या एकदम टेबलावर पडल्या तर? मग तो एका आठवड्याचा हिशोब मागू शकत नाही, आपण त्याच्यापुढं अख्ख्या वर्षाचा हिशोब ठेवतो. एक एक मरण एकत्र मांडलं की ते एकदम झाल्यासारखं दिसते. आणि प्रत्येक नावापुढं जमिनीचा रकाना आहे, तो वगळून त्याला बातमी लिहिताच येणार नाही. लिहिली तर आपण दुसऱ्या दिवशी वही घेऊन विचारायला जाऊ. नागपूरला मोर्च्याच्या पुढं या वह्या डोक्यावर घेऊन बाया चालतील, असं आमचं म्हणणं आहे. फोटो काढायचा त्यांनी काढावा. लेकरं गावात म्हाताऱ्यांजवळ राहतील. ज्या आईला लेकरू सोडून येता येत नाही तिनं येऊ नये, तिची वही दुसरी कोणी धरेल.

आणि पत्रकार गावात आला तर त्याला हाकलू नका. पाणी द्या, भाकर द्या. चांगली माणसं त्यांच्यातही आहेत, बरेचसे आपल्यासारखेच अर्धपोटी राबतात. पण लेकराचा सदरा काढू नका. आधी त्याला वावर दाखवा, जिथं वनखात्यानं चर खणला ती जागा दाखवा, दाव्याच्या कागदाची पोच दाखवा, मग घरात न्या. त्याचं नाव आणि पेपरचं नाव वहीत लिहून घ्या, आणि छापून आलेला अंक पाठवा म्हणा. पाठवला तर ढाण्यावर वाचून दाखवा. काय आलं आणि काय राहिलं ते सगळ्यांना कळू द्या.

या महिन्यात कौंडण्यपूरला कार्तिकी यात्रा आहे. पेपरात यात्रेचं येईल, पालखीचं येईल, दहीहंडीचं येईल. यात्रेला खालच्या पट्ट्यातले आपले पुष्कळ मजूर येतात. आम्ही नदीच्या घाटावर, बाया धुणं धुतात त्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, दिवसभर बसू. वहीत कोणते रकाने आखायचे त्याचा एक नमुना आम्ही स्टेन्सिलवर कापला आहे, प्रती तिथंच मिळतील. कागदाचे पैसे गटानं वर्गणी करून भरले, कोणी जास्तीचा मागू नये, एका गावाला एकच. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्यासाठी परतवाड्याच्या बाजारात मंगळवारी साथींजवळ ठेवू. ज्या गावांनी आधीच अशी काही टिपणं केली असतील त्यांनी ती घेऊन यावी, फाटकी असली तरी चालतील. आणि ज्या साथींनी लेकरांची सूचना मांडली त्यांनीही घाटावर यावं. त्यांच्यासाठी नमुन्याच्या प्रती बाजूला काढून ठेवल्या आहेत.

कौंडण्यपूर गटाचे कार्यकर्ते
नोव्हेंबर १९९५